चारशे बारा हिरवे ठिपके

"कुणी हलू नका. खोकूसुद्धा नका," टेरेन्स बीडल हलक्या आवाजात म्हणाला, आणि सुवा बंदराजवळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरची वीस-बावीस माणसं जागच्या जागी थिजली. चहा घेऊन आलेली बाई ट्रेसकट दारातच उभी राहिली.

टेरेन्सचा उजवा हात एका काळ्याभोर पेटीवर होता. पेटी सर्व्हरच्या कपाटात, खालच्या फळीवर. तिच्या डाव्या अंगातून एक वायर आत जात होती, उजव्या अंगातून एक बाहेर येत होती, आणि मधोमध एक निळा दिवा मंद लुकलुकत होता. डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून तो जणू पेटीच्या पोटातलं काही ऐकत होता. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, आणि पडद्यावर राखाडी ठिपक्यांच्या रांगा. मोजून चारशे बारा.

एक ठिपका हिरवा झाला. मग दुसरा. मग तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे तडतड, तडतड सगळेच. चार मिनिटांत अख्खा पडदा हिरवागार.

"विनाका! विनाका!" शाबासकीचा एकच गलका झाला. कुणी टेबलं बडवली, कुणी टेरेन्सच्या पाठीवर थाप मारली. कंपनीचे साहेब सुब्रमणी गौंडर यांनी चष्मा काढून डोळे टिपले. साठीचा माणूस, सहा महिने झोप नव्हती बिचाऱ्याला.

"मी काही केलं नाही," टेरेन्स डोळे उघडत म्हणाला. "मी फक्त त्याला शांत केलं. सर्व्हर म्हणजे नुसतं यंत्र नव्हे, मित्रांनो. समुद्र आहे तो. त्याला भरती आहे, ओहोटी आहे, राग आहे. तुम्ही रोज सकाळी त्याला प्रश्न विचारून विचारून पिसाळवता. माझा शमक त्याच्या नाडीशी बोलतो. सात हजार कंपनांची शांती आहे या पेटीत!"

ही शांती कशाने मोजतात, हे कुणी विचारलं नाही.

गर्दीच्या मागे, खिडकीला टेकून आशनिता उभी होती. तिने टाळी वाजवली नाही. तिची नजर पडद्यावर नव्हतीच, मनगटावरच्या घड्याळावर होती. पुन्हा चार मिनिटं. सोमवारीही चार. काल आणि परवाही चारच.

आशनिता सात वर्षं या कंपनीत चाचण्यांचं काम बघत होती. दूरच्या बेटांवरच्या दवाखान्यांसाठी इथे एक प्रणाली बनत होती. बेटावरच्या नर्सने टॅब्लेटवर बोट टेकवायचं, 'रोगी गंभीर, बोट पाठवा' असा निरोप सुव्यात यायचा, आणि इथून वैद्यकीय बोट निघायची. नीट चालतं की नाही हे पाहण्यासाठी चाचणीचं एक यंत्र रोज सकाळी आपणच नर्स असल्याचं सोंग घेऊन सरावाच्या सर्व्हरचं दार ठोठवायचं. चारशे बारा प्रकारांनी. दिवसा, वादळात, अर्धवट निरोप, दुबार निरोप. बरोबर उत्तर आलं तर हिरवा ठिपका, नाही तर लाल.

आणि रोज वीस-तीस लाल निघायचे. बहुतेक कधी हे, कधी ते. दार ठोठवावं आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं. सर्व्हरशी जोडणीच व्हायची नाही.

माणसं कंटाळली. कंटाळलेल्या माणसाला कारण नको असतं, सुटका हवी असते. कुणी म्हणायचं, कपाटाची दिशा चुकली. कुणी म्हणायचं, "आशूचा हात लागला की लालच होतं, तिच्या हाताला रंग आहे." हसत म्हणायचे, पण म्हणायचे.

अशात मागच्या गुरुवारी ऑकलंडहून टेरेन्स आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली यंगोनाची मुळं घेऊन आला, रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी पुढे केली. विलिकेसाने, म्हणजे इथल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामरने, पोकळ तळव्यांच्या टाळ्या देत ती स्वीकारली. ती कुटून तानोआत, म्हणजे लाकडी पात्रात, यंगोनाचं पेय कालवलं गेलं, करवंटीतून एकेकाला मिळालं. मुळांचं बंडल स्वीकारलं म्हणजे पाहुणा घरचा झाला. मग त्याच बैठकीत टेरेन्सने लॅपटॉप पुढे सरकवला. "विली, चाचण्यांच्या मांडणीत एक लहानशी ओळ घातली आहे, तेवढी मंजूर करून टाक." एरवी अशा प्रत्येक ओळीची विली सालटी काढायचा. पण तानोआसमोर, हातात त्याचीच करवंटी धरून, पाहुण्याच्या ओळीची उलटतपासणी करायची? विलीने बटण दाबलं आणि टाळी दिली.

सोमवारी पेटी कपाटात बसली. सोमवारीच पडदा हिरवा झाला. "एकवीस दिवस पेटीला कुणी शिवायचं नाही, कपाट उघडायचं नाही," असा टेरेन्सचा दंडक निघाला.

आज शुक्रवार. संध्याकाळी पाच वाजता लाऊकडच्या बेटांची बोट सुटणार होती, आणि तिच्यावर नवी प्रणाली भरलेले टॅब्लेट जाणार होते. सदतीस दवाखान्यांचे. पुढची बोट पंधरा दिवसांनी. वादळांचे महिने तोंडावर.

टॅब्लेटची खोकी जिन्याजवळ रचली होती आणि त्यांतल्याच एका खोक्यावर नर्स उलामिला बसली होती. ती नासिगा बेटावरची. प्रशिक्षणाला सुव्याला आली होती, आता याच बोटीने परत निघालेली. पायाशी तिचा जुना रेडिओ, तारेने बांधलेला. तो आता जमा करून जायचा होता.

"तू का गं तोंड पाडून?" तिने आशनिताला विचारलं. "सगळं हिरवं झालं ना?"

"झालं."

"मग?"

आशनिता तिच्या शेजारी टेकली. "सिस्टर, पूर्वी या चाचण्यांना अठ्ठेचाळीस मिनिटं लागायची. सर्व्हरशी चारशे बारा वेळा बोलायचं, तर तेवढी लागणारच. आता चार लागतात."

"मग शांत झालाय म्हणून भरभर बोलत असेल," उलामिला हसली. मग हसू मावळलं. "मी एक सांगू? तुम्ही ते लाल-हिरवं काय ते बघा. मला एवढंच कळतं, की आमच्याकडे चर्चमागच्या टेकडीवर चढल्याशिवाय सिग्नल येत नाही. वादळात तर नाहीच. गेल्या मार्चमध्ये एक बाळंतीण अडली होती. मी या डबड्यावरून सुव्याला हाका मारत होते. आवाज काय? खरखर. नुसती खरखर. मला कळलं, कुणी ऐकत नाहीये. मग वाट बघत बसले नाही. फायबरच्या होडीत घातलं तिला, तिच्या दिराला इंजिनवर बसवलं, आणि निघाले. चार तास, बाई! आता पोरगं रांगतंय तिचं."

ती टॅब्लेटच्या खोक्यावर थाप मारत म्हणाली, "हा पण सांगेल ना, ऐकत नसेल कुणी तर?"

आशनिता त्या खोक्याकडे बघू लागली. तिला मंगळवारची आठवण झाली.

मंगळवारी ती नेहमीप्रमाणे रामायण मंडळीत गायला गेली होती. लहानपणापासून तिथे दंडताल, म्हणजे ताल धरायची लोखंडी कांब, वाजवते ती. दोह्याला सूर लागला की अंगणातली माणसं एका श्वासाने गाऊ लागतात. त्या वेळी रामराया खरोखरच कुठे तरी चटईच्या कोपऱ्याला येऊन बसतो, असं तिला आजही वाटतं. तिथले म्होरके बिसनाथ काका. त्यांची एक खोड होती. गाणं ऐन भरात आलं की ते ढोलक्याला डोळ्याने खुणवायचे आणि ढोलक, हार्मोनियम, सगळं एकदम थांबायचं. ज्यांना चौपाई येते त्यांचे आवाज तसेच पुढे जायचे. ज्यांना येत नाही, नुसते ओठ हलवत होते, ते उघडे पडायचे. अंगणभर हशा. "अरे, गात होतास की जांभया देत होतास?" काका विचारायचे. मग जवळ बसवून त्याला ती चौपाई शिकवायचे.

ढोलक थांबवला की कळतं कोण गातंय.

आशनिता उठली आणि सरळ गौंडर साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. अडीच वाजले होते.

"अंकल, टॅब्लेट पाठवण्याआधी एक करू या. सर्व्हर बंद करू. पूर्ण बंद, वीज काढून. आणि चाचण्या चालवू."

"आता?" गौंडर दचकले. "अगं, बंद सर्व्हरवर सगळं लाल होणारच. त्यातून काय सिद्ध होणार?"

"होऊ दे ना लाल. सगळं लाल झालं तर मी टेरेन्सची सगळ्यांसमोर माफी मागते आणि ही खोकी स्वतः डोक्यावरून धक्क्यावर नेते. पण एक जरी ठिपका हिरवा राहिला..."

"अशक्य!" टेरेन्स मधेच आला. आवाजातला मध आटला होता. "वीज काढायची? त्याची लय आत्ता कुठे लागते आहे! मधेच तोडली तर शमक कायमचा रुसेल. मग मला बोलावू नका. आणि बाई, राग मानू नका, पण तुमच्या शंकेची कंपनं मला सोमवारपासून जाणवताहेत. एवढ्या माणसांत एकाची श्रद्धा डळमळली तरी यंत्राला कळतं."

दोघं-तिघं आशनिताकडे वळून बघू लागले. कुणी तरी पुटपुटलं, "झालं, हिचं पुन्हा सुरू."

"श्रद्धा?" आशनिता एक पाऊल पुढे आली. "टेरेन्स, मी दर मंगळवारी देवापुढे बसून गाते. श्रद्धा काय असते ते मला त्या काळ्या डब्यावरून शिकवू नका. माझा राम प्रश्न विचारला म्हणून रुसत नाही. तुमचा डबा का रुसतो?"

कपाटाची किल्ली विलिकेसाच्या गळ्यात होती. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या. सहा फूट उंच, दाराएवढा रुंद माणूस, पण त्या क्षणी शाळेतल्या पोरासारखा दिसत होता.

"विली," टेरेन्स हळूच म्हणाला, "माझं बंडल तू स्वीकारलं आहेस."

"इओ. हो, स्वीकारलं," विली म्हणाला. मग त्याची नजर जिन्याकडे, खोक्यावर बसलेल्या उलामिलाकडे गेली. "पाहुणे, तुम्ही माझ्या चटईवर बसलात, तुमचा मान मी ठेवतो. पण आजारी माणसं हिच्या बेटावर आहेत. कपाट उघडतो."

किल्ली फिरली. सर्व्हरचा पंखा घुर्र घुर्र करत मंदावला, थांबला. त्याचे सगळे दिवे विझले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या खोलीत बंदरावरच्या क्रेनचा आवाज ऐकू आला. पेटीवरचा निळा दिवा मात्र लुकलुकतच होता.

आशनिताने चाचण्या सुरू केल्या.

पडद्यावर चारशे बारा राखाडी ठिपके. पहिलं मिनिट गेलं, काहीच नाही. गौंडर रुमालाने मानेवरचा घाम पुसत होते. टेरेन्स आपल्या बॅगेची चेन उघडत होता, लावत होता. आशनिता पडद्यासमोरून हलली नाही. आपण चुकलो असलो तर? सगळं लाल झालं तर आपली अब्रू गेली, पण निदान टॅब्लेट तरी खरे ठरतील. तिने मनातल्या मनात हात जोडले. देवा, मी चुकीची ठरू दे.

एक ठिपका उजळला.

हिरवा.

"अरे..." मागून कुणी तरी म्हणालं.

दुसरा हिरवा. पाचवा. पन्नासावा. तडतड, तडतड, त्याच लाह्या. मेलेला सर्व्हर कपाटात गार पडत होता आणि भिंतीवर त्याची प्रकृती उत्तम असल्याचे दाखले फुटत होते. 'निरोप पोचला', हिरवा. 'वादळात निरोप पोचला', हिरवा. 'सर्व्हरने उत्तर दिलं', हिरवा! चार मिनिटांत चारशे बारा.

कुणी टाळी वाजवली नाही.

"विली," आशनिता म्हणाली, "ती ओळ वाच. गुरुवारी मंजूर केलेली."

विलीने लॅपटॉप उघडला. ओळ सापडायला वेळ लागला नाही, वाचायला लागला. त्याने घसा खाकरला. "यात लिहिलंय... जोडणी झाली नाही, तर चाचणी उत्तीर्ण समजावी."

"म्हणजे?" उलामिला खोक्यावरून उठून पुढे आली होती.

"म्हणजे असं, सिस्टर," आशनिता म्हणाली, "मी तुमचं दार ठोठवायला गेले, तुम्ही घरात नव्हता, आणि मी परत येऊन सांगितलं की भेट झाली, तब्येत ठणठणीत आहे."

"पण सर्व्हर चालू असताना तरी चाचण्या त्याला भेटत होत्या ना?" गौंडरांनी विचारलं. केविलवाणा प्रश्न होता तो.

उत्तर विलीने दिलं. त्याने कपाटात वाकून पेटी बाहेर ओढली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"तिला हात लावू नकोस! आतली लय..." टेरेन्स ओरडला. पण झाकण निघालं होतं.

आत वाळू होती. समुद्रकाठची पांढरी वाळू, प्लास्टिकच्या पिशवीत, वजनासाठी. एक बॅटरी, एक निळा दिवा. चाचणीच्या यंत्राकडून आलेली वायर डावीकडून आत येऊन बोटभर अंतरावर संपत होती. सर्व्हरकडे जाणारी वायर उजवीकडे तशीच सुरू होत होती. दोन्ही टोकांच्या मधे काहीही नव्हतं. सोमवारपासून एकही चाचणी सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती. जोडणी पेटीने तोडली होती आणि तुटलेल्या जोडणीला ती ओळ शाबासकी देत होती. चमत्कार तो एवढाच.

"हे तात्पुरतं होतं," टेरेन्स म्हणाला. "तुमच्या लोकांना आत्मविश्वास हवा होता. हिरवा रंग बघून माणसं चांगलं काम करतात. मी तेवढंच दिलं..."

आशनिताने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने वरच्या खोक्यातून एक टॅब्लेट काढला, त्याची जोडणी बंद केली आणि उलामिलाच्या हातात दिला. "सिस्टर, समजा तुम्ही नासिग्यात आहात. बाळंतीण अडली आहे. बोट मागवा."

उलामिलाने मान खाली घालून बोट टेकवलं. टॅब्लेटने क्षणभर विचार केला आणि छान हिरव्या अक्षरांत लिहिलं: विनंती पोचली. बोट निघत आहे.

उलामिलाने ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग अगदी हळू म्हणाली, "मी वाट बघत बसले असते."

गौंडर खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "सात लाल रोज असायचे," ते हातांआडून म्हणाले. "आशू, तू सांगायचीस. ते सात दर दिवशी तेच असायचे. मी म्हणायचो, जोडणीचं भूत आहे, सोड."

"भूत नव्हतं, अंकल. बाकीचे लाल सकाळचे होते. सर्व्हर रोज सकाळी रिस्टार्ट होतो, उठायला दोन मिनिटं घेतो आणि आपल्या चाचण्या पहिल्याच मिनिटाला दार बडवतात. पण ते सात खरंच ओरडत होते. जोडणी नसतानाही 'पोचली' म्हणत टॅब्लेट खोटं बोलतोय म्हणून."

टेरेन्सने बॅग खांद्याला लावली. दारात थांबून त्याने शेवटचं अस्त्र काढलं. "तुमचा विश्वास कमी पडला. दुसरीकडे हाच शमक..."

"दुसरीकडे कुठे ते सांगा," विली म्हणाला, "म्हणजे मी त्यांना आधीच फोन करून ठेवतो." त्याने वर्तमानपत्रात उरलेली यंगोनाची मुळं टेरेन्सच्या हातात ठेवली. दोन्ही हातांनी, रीतीने. "हे घेऊन जा. पाहुण्याचा मान पाहुण्याला. ओळ मात्र मी यापुढे देवदूताने आणली तरी वाचणार."

तीनला दहा मिनिटं कमी होती. विलीने ती ओळ काढून टाकली, वायर सरळ सर्व्हरला जोडली, सर्व्हर चालू केला. आशनिताने मांडणीत आणखी एक भर घातली: जोडणी झाली नाही तर थोडं थांबून पुन्हा ठोठवायचं, फार तर तीनदा, आणि तरीही कुणी ओ दिली नाही तर ठिपका हिरवाही नाही, लालही नाही. पिवळा. पिवळा म्हणजे, मला माहीत नाही, मी पोचलेच नाही. या वेळी त्या ओळी विलीने तीनदा वाचल्या, दोन ठिकाणी नाक मुरडलं, एक चूक काढली, मग मंजुरी दिली.

आणि या वेळी अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. सगळे बसून होते, कुणी घरी गेलं नाही. चारशे दोन हिरवे. तीन पिवळे. सात लाल, तेच सात.

उलामिला पडद्यापुढे उभी राहिली. लाल ठिपक्यांकडे बघत तिने तळवे पोकळ केले आणि तीन टाळ्या दिल्या. टप, टप, टप. बंडल स्वीकारताना देतात तशा. मग तिने पायाशी पडलेला जुना रेडिओ उचलून बगलेत मारला.

"हा देत नाही मी जमा," ती म्हणाली. "याला बोलता येत नाही धड, पण खोटं बोलत नाही. ते सात नीट करा, मग पाठवा तुमचा टॅब्लेट."

"पंधरा दिवस," गौंडर म्हणाले. "पुढच्या बोटीने. मी स्वतः घेऊन येतो. आणि आशूने सर्व्हर बंद करून दाखवल्याशिवाय एकही खोकं इथून हलणार नाही."

पाच वाजता बोट सुटली. तिच्यावर एकही टॅब्लेट नव्हता. धक्क्यावरून आशनिता हात हलवत राहिली, आणि बोटीच्या कठड्याशी उलामिलाने रेडिओ उंच धरून दाखवला.

त्या कंपनीत आता दर शुक्रवारी विली सर्व्हरची वीज काढतो. त्या वेळी पडदा पूर्ण पिवळा दिसला तर सगळे निवांत जेवायला जातात. एक जरी हिरवा दिसला तर आधी त्याची चौकशी होते, मग जेवण.

तुम्हाआम्हालाही याहून अवघड काही करायचं नाही. कुणी पेटी दाखवेल, अंगठी दाखवेल, भारलेलं पाणी दाखवेल आणि म्हणेल, बघा गुण आला. तेव्हा एवढंच विचारा: गुण आला नसता तर हे कसं दिसलं असतं? दोन्ही वेळा सारखंच दिसणार असेल, तर आत वाळू आहे. असं विचारल्याने कुठलाही देव कोपत नाही. ज्याने आपल्याला गळा दिला, त्यानेच विचारायची जीभही दिली आहे. गाणं थांबवून बघा. खरं असेल तर ते ढोलकाशिवायही चालू राहील.